पाचवीचं सूप

दगडाबाईच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथ्या खेपेला पोरगी झाली तेव्हा घरच्यांनी तिचं नाव दगडाबाई ठेवलं. मरणाला वाटावं, दगडच आहे, उचलून न्यायचं काय त्यात! मरणाला तसं वाटलं की नाही देव जाणे, पण पोरगी वाचली. आज बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची होऊन ती छावणीच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडात पाय पसरून बसते आणि बांबूची सुपं विणते.

बुरडाचं काम अर्धं बाप्यांचं, अर्धं बायांचं. बाप्यानं कोयतीनं बांबू फोडायचा, त्याच्या पातळ पट्ट्या, म्हणजे बेळं काढायची, आणि बाईनं विणायचं. दगडाबाईचा नवरा कडुबा पोरगं नऊ वर्षांचं असताना काविळीनं गेला. तेव्हापासून फोडणारी तीच आणि विणणारीही तीच. तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी अशी जाड झालीय की बेळ घुसलं तरी तिला कळत नाही, रक्त दिसलं की मग कळतं. सुपं, टोपल्या, दुरड्या, रोवळ्या, कोंबड्यांचे डालगे, सगळं त्या हातांनी केलं आणि पोरगं मोठं केलं.

प्लास्टिकनं धंदा खाल्ला हे रडगाणं बुरडाच्या आळीत घरोघर चालू असतं. दगडाबाई ते गात नाही. ती म्हणायची, "प्लास्टिकच्या सुपात लेकराची पाचवी पुजणारी माय मी आजून बघितली नाय. आन् तिरडीला बी आजून प्लास्टिक लागलं नाय. माणूस येतंय तवाबी बुरडाकडं, जातंय तवाबी बुरडाकडंच." आणि स्वतःच हसायची. हे ती हसत होती तेव्हाची गोष्ट.

तिरडीच्या बांबूचे तिच्या घरात कायदे होते, सासूनं घालून दिलेले. मयतीचं गिऱ्हाईक आलं की कोण गेलं, कशानं गेलं विचारायचं नाही. घासाघीस करायची नाही. दोन लांब बांबू आणि आडव्या कामट्या मुकाट तोडून द्यायच्या. गिऱ्हाईक निघालं की त्याला 'या' म्हणायचं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा असा, की मयतीचा म्हणून तोडलेला बांबू एकदा दुकानाबाहेर गेला की तो परत आत घ्यायचा नाही. कुणी आणलाच तर जाळायचा, नाहीतर नदीला टाकायचा. त्याचं बेळ काढायचं नाही. सासू हे सांगताना कान धरायची, स्वतःचाही आणि सुनेचाही.

चाळीस वर्षं दगडाबाईनं हे पाळलं. गेल्या कार्तिकात गारखेड्याचा एक माणूस तोंड पाडून आला. त्याच्या बापाला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, सकाळ काही बघत नाहीत असं सांगून. पाहुणे लांबून निघाले होते. ऐन वेळी धावाधाव नको म्हणून सामान आधीच आणून ठेवतो म्हणाला. दगडाबाईनं कायद्याप्रमाणं काही विचारलं नाही, ते सगळं त्यानंच सांगितलं. नवा माल उतरून दोनच दिवस झाले होते. तिनं त्यातले दोन काढून दिले. हिरवेगार, सरळ, हातभर लांब पेराचे. मेलेल्या माणसाला वाकडा बांबू द्यायचा नाही, हेही सासूचंच.

तिसऱ्या दिवशी तोच माणूस लोडिंग रिक्षातनं उतरला. तोंड नुसतं फुललेलं.

"मावशी, बाबा उठून बसले! चहा मागितला, वर साखर कमी हाय म्हणून बायकोला शिव्या दिल्या!"

"आरं वा, दीडशे वर्षं जगतंय बघ आता म्हातारं," दगडाबाई म्हणाली आणि तिला खरंच आनंद झाला. तेवढ्यात त्यानं रिक्षातनं दोन्ही बांबू ओढून शेडच्या बाहेर भिंतीला उभे केले.

"आरं आरं, ते परत घेत नसत्यात बाबा! जाळ, नायतर नदीला टाक."

"घरी ठिवू देईना ना बायको. तुमीच टाका, मावशी. पैसे नकोत मला." आणि गडी रिक्षात बसून गेला पण.

उद्या फोडून बंबात घालू, असं दगडाबाईनं ठरवलं. तो उद्या काही आला नाही. एवढा देखणा बांबू जाळायला बुरडाचा हात धजत नाही, हे खरं कारण. ती रोज सकाळी त्याच्याकडं बघायची, रोज म्हणायची आज फोडते, आणि संध्याकाळी तो तिथंच उभा असायचा.

घरात तेव्हा वेगळंच वारं होतं. तिचा मुलगा राजकुमार वाळूजकडं एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जातो. त्याची बायको संध्या पैठणची. तिचा बापही बुरूडच, धरणावर मासे धरणाऱ्यांना टोपल्या विणून देतो. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता. एकदा दिवस राहून गेले होते. आता पोरीला नववा लागला होता, आणि दगडाबाई तिला खाली वाकू देत नव्हती. सासू-सुनेचं गूळपीठ असं की आळीतल्या बाया चिडवायच्या, "दगडाबाई, सून आणली का लेक?" संध्या तिला आई म्हणायची, आणि नुसतं तोंडानं नाही.

मार्गशीर्षात संध्या बाळंत झाली. मुलगा. दगडाबाईनं आळीभर साखर वाटली आणि पदर खोचून सुपाला बसली. त्यांच्या घराण्यात पाचवीचं सूप आजीनं विणायचं असतं, बाळ जन्मल्यावर, पाचवीच्या आत. आधी विणून ठेवायचं नाही आणि विकत तर मुळीच आणायचं नाही. त्या सुपात जोंधळे पसरायचे, वर धडुतं टाकायचं आणि बाळाला निजवून सटवाईपुढं ठेवायचं.

आणि नेमकं तेव्हाच शेडात धड बांबू नव्हता. चंद्रपूरकडून येणारा ट्रक तीन आठवडे आला नव्हता. होता तो माल भुंगा लागलेला. फोडला की आतून पिवळं पीठ गळायचं. दगडाबाईनं तीन बांबू फोडून बघितले. बेळ वाकवलं की कडकन मोडायचं. दोन दिवस असेच गेले. इतरांकडं मागावा तर त्यांच्याकडंही तीच गत.

तिसऱ्या दिवशी तिनं भिंतीकडं बघितलं.

तिनं विचार केला नाही असं नाही. लई केला. माणूस मेलाच नाही, मग तिरडी कसली? त्यावर कुणी निजलं नाही, त्याला सुतळी लागली नाही, मडकं लागलं नाही. म्हातारा तिकडं चहात साखर मागतोय, मग हा बांबू मयतीचा कसा? उलट मरणाच्या दारातनं माघारी आलेला म्हणा की! माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की त्याला कारणं कशी भराभर सुचतात! नातवाच्या पाचवीला भुंगा लागलेलं सूप? दगडाबाईच्या हातचं? चाळीस वर्षं लोकांच्या लेकरांना सुपं विणली, आणि स्वतःच्या नातवाला मोडकं? छे!

तिनं कोयती उचलली. बांबू एका घावात सरळ उभा चिरला. बेळं अशी निघाली की लोण्यातनं सुरी फिरावी. दीड दिवसात सूप झालं. तसं सूप तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. उरलेला बांबू तिनं बंबात घातला आणि हात धुतले.

पाचवीला कडुबाची थोरली बहीण मालनबाई आली. ही मालनबाई गारखेड्यात राहते. कडुबा गेल्यावर दगडाबाईला आणि पोराला तिनंच दोन वर्षं सांभाळलं, म्हणून या घरात तिचा शब्द शेवटचा. ती कुणाचं कौतुक सहसा करत नाही. पण सूप हातात घेऊन तिनं उलटं-सुलटं केलं आणि म्हणाली, "वयनी, आमच्या आईनं बी असं विणलं नव्हतं कदी."

बाळाला सुपात निजवलं तेव्हा दगडाबाईला एकदा ते भिंतीला उभे बांबू आठवले. मग बाळानं जांभई दिली, सगळ्या बाया हसल्या, आणि ती विसरली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं, शिवराज.

शिवराज अडतीस दिवस जगला. दूध ओढता ओढता त्याला घाम यायचा आणि तो दमून थांबायचा. सगळे म्हणाले, आळशी आहे, बापावर गेलाय. एका सकाळी त्याचे ओठ जांभळे दिसले. सरकारी दवाखान्यात नेलं. राजकुमार खाली औषधाच्या रांगेत होता, दगडाबाई बाहेर बाकावर होती. आत संध्या एकटीच होती. डॉक्टरांनी तिलाच सांगितलं, हृदयाला जन्मतःच भोक आहे, मोठं आहे, वरून छातीत कफ भरलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू गेलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. राजकुमारनं त्याला हातावरच नेलं आणि मातीत ठेवून आला. त्याला तिरडी लागली नाही.

दगडाबाई रडली नाही. तिला रडूच येईना. तिच्या डोक्यात एकच चाललेलं होतं: मी केलं. म्हाताऱ्याचं मरण भिंतीला उभं होतं, ते मी फोडलं, सोललं आणि नातवाखाली अंथरलं. कुणाला सांगणार? राजकुमारला? संध्याला? सांगितलं तर त्या घरात तिला कोण ठेवणार होतं? तिनं ओठ शिवून घेतले.

दहाव्या दिवशी मालनबाई आली. सगळे बसले होते. तिनं विचारलं, झालं तरी काय होतं लेकराला? संध्यानं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

"भोक?" मालनबाई म्हणाली. "भोक आपोआप पडतंय व्हय गं?" तिनं बोटांवर महिने मोजले. भादव्याच्या पुनवेला चंद्राला ग्रहण लागलं होतं, तेव्हा संध्याला सहावा चालू होता. "ग्रहणात कोयती धरली आसंल. फोडलं आसंल काहीतरी. बुरडाच्या घरात हात गप बसतोय का? तकडं बांबू चिरला, आन् हकडं पोटातल्या लेकराचं काळीज चिरलं."

"मी काय बी धरलं नाय, आत्याबाई," संध्या म्हणाली. "मी निजले हुते. आई हुत्या की जवळ. इचारा त्यांना."

सगळ्यांनी दगडाबाईकडं बघितलं. राजकुमारनंही.

खरं काय होतं ते दगडाबाईला लख्ख माहीत होतं. त्या रात्री राजकुमार रातपाळीला गेला होता. तिनंच संध्याला आतल्या खोलीत घेतलं, दाराला कडी लावली, कोयत्या, सुऱ्या, सुया सगळं बाहेर शेडात पोत्याखाली घातलं. संध्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. ग्रहण सुटेपर्यंत पोरगी निजलेली होती आणि दगडाबाई टक्क जागी होती. पाय मुंग्यांनी भरला तरी तिनं मांडी हलवली नव्हती.

एवढंच सांगायचं होतं. पण तिला वाटलं, ग्रहणाचं कारण टिकलं नाही तर मालनबाई दुसरं शोधणार. पाचवीपर्यंत येणार. एवढ्या टंचाईत एवढा सुरेख बांबू कुठनं आणलास वयनी, असं विचारणार. विचारणारच, ती कसली सोडतेय!

"मला काय ठावं बाई," दगडाबाई म्हणाली. "माझा डोळा लागला हुता."

संध्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. 

त्या दिवसापासून त्या पोरीच्या मागं जे लागलं ते सांगवत नाही. राजकुमार तिच्याशी बोलेना. तिच्या हातचं ताट घेईना. आईनं वाढलं तरच जेवायचा. आळीतल्या बाया, ज्या तिला लेक म्हणायच्या, त्या आपापली लेकरं तिच्यापासून उचलून घ्यायला लागल्या. मालनबाई दर आठ दिवसांनी यायची आणि तिच्यादेखत राजकुमारला सांगायची, फारकत घे, जालन्याकडं माझ्या बघण्यात एक पोरगी आहे, अजून वेळ गेली नाही. राजकुमार हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

आणि ते सूप! दगडाबाईला ते जाळून टाकायचं होतं. तिनं एकदा बंबाजवळ नेलंही. संध्यानं धावत येऊन हिसकावून घेतलं. "आई, त्याचं एवढंच राहिलंय हो." तिनं त्यात शिवराजची दोन झबली, टोपडं, काजळाची डबी ठेवली आणि सूप स्वतःच्या उशाशी ठेवलं. दगडाबाईला रोज सकाळी उठल्याबरोबर पहिलं तेच दिसायचं. विणायला बसली की मध्येच उठायची. एक सूप चार चार दिवस अर्धं पडून राहायचं. गिऱ्हाईक आलं तर शिळं काहीतरी देऊन वाटेला लावायची.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. पहिले पंधरा दिवस मालनबाईनं ग्रहण काढलं की संध्या म्हणायची, मी नाही धरली कोयती. मग ती ते म्हणायची थांबली. मालनबाई बोलायची आणि ही खाली मान घालून ऐकायची. शेडात यायची, पण कोयतीला हात लावायची नाही. विळीवर भाजी चिरतानाही मध्येच थांबायची आणि हातांकडं बघत बसायची. दगडाबाईला वाटलं, पोरगी दमली. भांडून भांडून माणूस दमतंच की.

शिमगा झाला आणि मालनबाईनं संध्याच्या बापाला फोन करून बोलावून घेतलं. रविवारी पुंडलिक एसटीनं पैठणहून आला. बिचारा साधा माणूस, येताना हातात पेरूंची पिशवी घेऊन आला, जसा काही पाहुणचाराला आलाय. घरातल्या घरात बैठक बसली. मालनबाईनं सरळ सांगितलं, तुमची पोर घेऊन जा. हिच्या हातनं कसूर झालीय, लेकरू गेलंय, आमच्या राजकुमारचं पुढचं आम्हाला बघायचंय.

पुंडलिकनं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. "बाई, तिला पदरात घ्या. चुकली आसंल पोर. मी पाया पडतो." आणि तो खरंच वाकायला लागला.

म्हातारा माणूस, आपल्या दारात, काही कसूर नसताना वाकतोय. दगडाबाईला ते बघवलं नाही. ती भिंतीला धरून उठली.

"उठा पुंडलिकदादा. तिनं काय बी केलं नाय. मी केलंय."

आणि तिनं सगळं सांगितलं. गारखेड्याचा माणूस, परत आलेले बांबू, भुंगा लागलेला माल, तिसरा दिवस. काही म्हणून लपवलं नाही. सांगून झाल्यावर तिला अंगातनं ताप उतरल्यासारखं वाटलं.

 मग मालनबाई कपाळावर हात मारून ओरडली, "वयनी! मयतीच्या बांबूत निजवलंस त्याला? आमच्या आईनं कान धरून सांगितलेलं तुला! कडुबाचा वंश खाल्लास की गं, चांडाळणी!" आणि तोंडाला येईल ते बोलत सुटली. दगडाबाईनं ऐकून घेतलं. तिला ते हवंच होतं. अडीच महिने जे दुसरीला मिळत होतं ते आज ज्याचं त्याला मिळत होतं.

राजकुमार आईकडं बघत नव्हता. तो उठला, संध्यासमोर जाऊन उभा राहिला आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं. "संध्या, उठ. आत चल."

पुंडलिकनं टोपी डोक्यावर घातली. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. दगडाबाईच्या मनात आलं, झालं. आता मला हाकलतील. हाकलू देत. देवळाच्या पायरीवर बसून विणीन. पोरगी तर राहिली घरात. एवढं तरी माझ्या हातनं नीट झालं.

संध्या उठली, पण आत गेली नाही. ती दगडाबाईसमोर आली.

"आई, सुपाचं ऱ्हाऊ द्या. डॉक्टरनं सांगितलंय, भोक जन्माचं हुतं. सुपात ठिवलं तवा लेकरू पाच दिवसांचं हुतं. मला दुसरं सांगा. ग्रहणाच्या राती मी कोयती धरली हुती का?"

"नाय गं, पोरी. तू माझ्या मांडीवर निजली हुतीस. कोयत्या तर मीच बाहेर ठिवल्या हुत्या."

"तुमचा डोळा लागला हुता ना?"

दगडाबाईची मान खाली गेली. "नाय. मी जागीच हुते. ग्रहण सुटंपतूर."

"जागी हुता," संध्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आई, त्या खोलीत आपण दोघीच हुतो. मला झोपंतलं काय बी आठवत नव्हतं. तुमच्यावर माझा देवापेक्षा जास्त भरवसा. तुमी म्हणलात, मला ठावं नाय. तवा मला वाटलं, आई मला सांभाळून घ्यायला लागल्यात. मी झोपंत उठून काहीतरी फोडलं आसंल, आन् ते त्यांनी बघितलं आसंल, म्हणून डोळा लागला म्हणत्यात. मी रोज हाताकडं बघायची. रोज वाटायचं, ह्याच हातानं. अडीच महिने, आई. अडीच महिने मी त्याला मी मारलं म्हणून जगले."

 दगडाबाईनं हात पुढं केला. संध्यानं तो झिडकारला नाही. फक्त एक पाऊल मागं सरकली.

"संध्या, आता कळलं ना सगळ्यांना," राजकुमार म्हणाला. "आता काय हाय मग?"

"तुमी तर एकदा बी इचारलं नाय," ती म्हणाली. "आता मला झोप लागंल. पण ह्या घरात नाय लागायची. चला आण्णा."

तिनं आत जाऊन दोन साड्या पिशवीत भरल्या आणि सुपातली झबली-टोपडं छातीशी धरून बाहेर आली. पुंडलिक कधी जावयाकडं बघत होता, कधी लेकीकडं. शेवटी तो लेकीच्या मागं निघाला. राजकुमार दारापर्यंत गेला आणि चौकट धरून उभा राहिला.  दगडाबाई रस्त्यापर्यंत अनवाणी धावली. रिक्षा वळली होती. तिनं दोनदा हाक मारली, आधी संध्या म्हणून आणि मग नुसतंच पोरी म्हणून.

सेंट्रल बसस्टँडवरून पैठणची साडेचारची बस त्या दिवशी वेळेवर सुटली.